विमानाला प्लीज म्हणायचं नाही

...आणि म्हणे प्लीज म्हणायचं नाही! ऐकलंत? प्लीज नाही, काइंडली नाही, थँक यू तर बिलकुल नाही! आणि हे मला सांगतंय कोण, तर मोबाइलमधला एक टकलू गोरा, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, पाठीमागं भिंतीवर विमानाचं चित्र, आणि आवाज असा की आत्ताच झोपेतून उठलाय आणि परत झोपायला निघालाय! मला सांगतो! शरच्चंद्र सबनीसला! पस्तीस वर्षं केमिकल कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात इंग्रजी मसुदे लिहिले हो मी. आमचं पत्र जर्मनीला गेलं की तिथला साहेब ते उभा राहून वाचायचा म्हणे... आता उभा राहून वाचायचा की बसून, ते बघायला मी गेलो नव्हतो, पण आमचे मॅनेजर सांगायचे, आणि मॅनेजर कशाला खोटं सांगतील? सांगायचे तसे ते बरंच खोटं, पण ते पगारवाढीच्या बाबतीत.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल या म्हाताऱ्याचं विमानाशी काय काम? काहीच काम नाही! मी आयुष्यात दोनदा विमानात बसलोय, दोन्ही वेळा डोळे गच्च मिटून. विमानाचं काम आहे ते आमच्या निरूचं. निरू म्हणजे निरुपमा, आमची एकुलती एक लेक, वय चोवीस, राहणार मांजलपूर, बडोदे. तिला पायलट व्हायचंय. आणि विमान उडवता येतं हो तिला! दोनशे तास उडवून झालंय, एकटीनं उडवून झालंय, ढगातनं उडवून झालंय. अडलं कुठं? तर बोलण्यात! वर असताना खाली टॉवरमध्ये जो माणूस बसलेला असतो ना, त्याच्याशी रेडिओवर इंग्रजीत बोलावं लागतं, आणि त्या बोलण्याची वेगळी तोंडी परीक्षा असते. परीक्षक होतो टॉवर, आपण व्हायचं पायलट, आणि मधे टेबल. ती पास झाल्याशिवाय लायसन्स नाही. आणि त्या परीक्षेत आमची निरू... तुम्हाला सांगतो, अजून जीभ रेटत नाही... नापास झाली! सबनिसांच्या घरातली मुलगी, इंग्रजीत नापास!

आता सबनिसांचं घर म्हणजे काय, ते तुम्हाला कळायला हवं. आमचे आजोबा वामनराव संस्थानच्या कचेरीत होते, इंग्रजी मसुदे लिहायला. त्यांचा नियम एकच, आधी मान, मग मागणी. पत्रात पहिल्या चार ओळींत काही मागितलंत तर कागद फाडायचे! आणि हा नियम त्यांनी कचेरीतून घरी आणला. आमच्या घरात काहीही हवं असलं की इंग्रजीत अर्ज करावा लागतो. हसू नका! मी स्वतः लहानपणी उत्तरायणाला पतंगाच्या मांज्यासाठी अर्ज केलाय, आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट करून. वडिलांनी शेरा मारला, 'स्पेलिंग ऑफ हम्बली, सी अगेन', आणि तो सुधारून परत देईपर्यंत उत्तरायण संपलं होतं. निरूनं सेव-उसळीसाठी अर्ज केलेत, मैत्रिणीकडे राहायला जायला अर्ज केलेत. शिवाय रोज सकाळी दुधाच्या आधी पाच वाक्यं, ॲक्टिव्हची पॅसिव्ह करायची. रामानं आंबा खाल्ला असं नाही म्हणायचं, आंबा रामाकडून खाल्ला गेला. कसं भारदस्त वाटतं! रामाला काय वाटत असेल ते जाऊ द्या.

तर बारावी झाल्यावर एक दिवस माझ्या चहाच्या कपाखाली अर्ज. 'रिस्पेक्टेड बाबा, आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट दॅट आय विश टु बिकम अ पायलट.' पुढं दीड पान. मी काय केलं असेल? लाल पेन घेऊन चूक शोधायला बसलो. खरं सांगतो, एखादं आर्टिकल चुकलेलं सापडलं असतं ना, तर अर्ज परत पाठवला असता, आणि मुलगी चार दिवस तरी जमिनीवर राहिली असती. तीनदा वाचला. एक चूक नाही! मीच शिकवलेली, कशी सापडेल? मग लिहिलं 'अप्रूव्ड', आणि खाली सही केली. बँकेनं नाकारली असती अशी सही आली ती.

आणि अशी मुलगी मुंबईहून परीक्षा देऊन आली, चपला काढल्या, आणि म्हणाली, "नर्व्हस झाले बाबा. राहिलं." बस्स. पुढं एक अक्षर नाही. दुसरी संधी दीड महिन्यानं, आणि जुलैत एका विमान कंपनीची बॅच सुरू होणार होती, तिथं तिचं नाव लागलेलं, पण लायसन्स हातात असेल तर! नसेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणणारी माणसं पुढच्या वर्षी आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणजे आता किंवा कधीच नाही. मी म्हटलं, घाबरू नकोस, बाप आहे ना! ग्रामर कच्चं राहिलं असणार. आणि काढली वही. रोज पाचाच्या जागी पंचवीस वाक्यं! ॲक्टिव्हची पॅसिव्ह! सकाळी पंचवीस, दुपारी पंचवीस! आणि पोरगी एक शब्द न बोलता करायची हो. मान खाली, पेन चालू.

आठ दिवसांनी काय झालं, दुपारी निरू कानात काहीतरी घालून मोबाइलवर रेडिओचं बोलणं शिकवणारा तो टकलू गोरा बघत बसली होती आणि मी मागनं गेलो, वहीत सही करायला. तर पडद्यावर एक वाक्य. 'वुड इट बी पॉसिबल फॉर अस टु बी काइंडली परमिटेड टु लँड ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स.' मी म्हटलं वा! वा वा! काय वाक्य आहे! याला म्हणतात इंग्रजी, पॅसिव्ह आहे, काइंडली आहे, कन्व्हीनियन्स आहे... आणि तेवढ्यात त्या वाक्यावर आली लाल फुली. अशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत! आणि तो गोरा त्या झोपाळू आवाजात सांगतोय, असं बोलाल तर परीक्षेत नापास आणि आकाशात त्याहून वाईट. प्लीज म्हणायचं नाही. जे हवंय ते चार शब्दांत सांगायचं आणि गप्प बसायचं. मी निरूकडे बघितलं. निरूनं मोबाइल पालथा घातला.

मी विचारलं, "निरू, तू परीक्षेत असंच बोललीस?"

"मी चहा टाकते बाबा."

"निरू."

मग सांगितलं तिनं. परीक्षकानं विचारलं, काय हवंय तुम्हाला? आणि आमच्या मुलीनं आधी मान दिला, मग मागणी केली! ते ऐकून तो भला माणूस म्हणाला, "बेटा, इतनी देर में तो जहाज भरूच पहुँच गया." घाबरली, म्हणून दुसऱ्यांदा आणखी मान दिला. तिसऱ्यांदा आणखी. घाबरला की माणूस घरचंच बोलतो ना हो? आणि तिचं घरचं म्हणजे माझं. मी म्हटलं, "मग आठ दिवस मला बोलली का नाहीस? आठ दिवस पॅसिव्ह करत बसलीस?" तर म्हणते, "तुम्ही इतक्या हौसेनं वाक्यं काढत होता ने बाबा..."

तुम्हाला सांगतो, मला त्या दिवशी फार लाज वाटली. माझ्या इंग्रजीनं मुलगी नापास झाली, आणि वर माझं मन मोडू नये म्हणून ती रोज पन्नास वाक्यांचं तेच औषध मुकाट घेत होती, ज्यानं ती आजारी पडली! मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. राग कुणावर काढणार? आजोबांवर? ते गेले पन्नास वर्षांपूर्वी. मग त्या टकल्यावर काढला.

पण निरूनं मला समजावलं. म्हणाली, "बाबा, ऐका ने, तो उद्धट नाही. रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. मी प्लीज-प्लीज करत बसले तर दुसऱ्या विमानाला बोलायलाच मिळणार नाही, आणि त्याचं इंजिन पेटलेलं असेल तर?" म्हणजे प्लीज न म्हणणं हाच तिकडचा मान! दुसऱ्यासाठी जागा ठेवायची. आजोबांना हे कुणी सांगितलं असतं तर मला मांजा वेळेवर मिळाला असता.

मग ठरलं. मी टॉवर व्हायचं, निरू विमान. समोरासमोर बसून चालत नाही म्हणे, चेहरा दिसतो. वर गेल्यावर चेहरा कुठला, नुसता आवाज. म्हणून ती आतल्या खोलीत दार लावून, मी गॅलरीत खुर्ची टाकून, आणि एकाच फ्लॅटमधनं एकमेकांना मोबाइल! पहिल्या दिवशी तिनं हाक दिली, आणि मी सवयीनं सुरू झालो, "गुड मॉर्निंग! धिस इज युअर टॉवर. आय होप यू आर इन द बेस्ट ऑफ हेल्थ..." आतनं आवाज आला, "बाबा, पेट्रोल संपलं." दुसऱ्या दिवशी, "यू आर हियरबाय रिक्वेस्टेड टु टर्न लेफ्ट." आतनं, "बाबा, डोंगर आला." मी म्हटलं, "बडोद्यात डोंगर कुठला?" तर म्हणे, "पावागड!" चार दिवसांत माझ्या हातून अकरा विमानं गेली. सगळ्यांत निरूच होती.

आणि नुसतं प्लीजच नाही हो! नाईन म्हणायचं नाही, नाइनर म्हणायचं. थ्री म्हणायचं नाही, ट्री म्हणायचं! अहो, या मुलीला थ्री शिकवताना जीभ दातांत धरायला लावून मी महिनाभर तिची थुंकी चेहऱ्यावर झेललीय, आणि आता म्हणे ट्री! बरं, टॉवरनं काही सांगितलं की पायलटनं नुसतं हो म्हणायचं नाही. जे ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे टॉवरला कळतं की नीट ऐकलंय. डावीकडे वळ म्हटलं की, डावीकडे वळते. दोन हजारांवर ये म्हटलं की, दोन हजारांवर येते. नाही म्हणून दाखवलं तर ऐकलंच नाही असं धरतात.

हे आमच्या हिनं ऐकलं. उषानं. स्वयंपाकघरातनं पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय म्हणालीस निरू? परत म्हणून दाखवायचं? आणि नाही दाखवलं तर ऐकलं नाही असं धरायचं?" मला तेव्हाच कळलं, आपलं आता खरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, "अहो, दही आणा, कोथिंबीर आणा, गॅसवाल्याला फोन करा." मी पेपरातनं हुं म्हटलं. ती हलेचना! कमरेवर हात! शेवटी म्हटलं, "दही, कोथिंबीर, गॅसवाला." तर काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या! म्हणते, "अडतीस वर्षं झाली लग्नाला, आज पहिल्यांदा तुम्ही माझं बोलणं ऐकलंत." मी म्हटलं, असं कसं, मी ऐकतच होतो! तर म्हणे, "आम्ही ऐकलं नाही असं धरतो."

आणि गंमत सांगतो, उषा टॉवर म्हणून माझ्यापेक्षा सरस निघाली! एकदा मी खोकत होतो म्हणून तिनं फोन घेतला. "निरू. डावीकडे वळ. खाली ये. थांब. आता उतर." संपलं! आतनं निरू ओरडली, "आई परफेक्ट! बाबा, असं!" असंच बोलते ती जन्मभर! गॅस बंद करा, पंखा लावा, पाय उचला. तिला प्लीज कधी लागलंच नाही, आणि मी तीस-पस्तीस वर्षं मनातल्या मनात तिचं ग्रामर सुधारत बसलो होतो. फक्त इंग्रजी येत नाही म्हणून तिचा टॉवर गेला आणि माझ्याकडे राहिला.

हळूहळू मला जमायला लागलं. इतकं जमलं की एकदा गॅलरीतनं मी खणखणीत आवाजात म्हटलं, "टर्न लेफ्ट! टर्न लेफ्ट नाऊ!" आणि खालनं धाडकन आवाज. आमच्या खालच्या मजल्यावरचे जगदेवराव गाडी मागं घेत होते, त्यांनी डावीकडे वळवली, थेट सोसायटीच्या बाकड्यावर! वर बघून म्हणतात, "सबनीस, तुम्ही सांगितलं म्हणून वळवली ने!" मी म्हटलं, "जगदेवराव, मी निरूला सांगत होतो." "निरू तर दिसत नाही कुठं." "ती तीन हजार फुटांवर आहे." त्या दिवसापासून ते मला जिन्यात भेटले की तब्येत विचारतात, जरा जपूनच.

आणि मग... आता हे जरा सावकाश सांगतो. परीक्षेला सहा दिवस राहिलेले, दुपारची वेळ. निरू म्हणाली, "बाबा, आज मी काय होणार ते सांगणार नाही. परीक्षेत पण सांगत नाहीत. तुम्ही फक्त टॉवर." मी म्हटलं चालेल. खुर्चीत बसलो, वही मांडीवर, गोऱ्याच्या व्हिडिओतलं सगळं लिहून काढलेलं. फोन आला. आणि त्यात निरूचा आवाज, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, एकदम सपाट, "मेडे, मेडे, मेडे." जीव धोक्यात असला की तीनदा द्यायची हाक. इंजिन बंद. करजणवर आहे. तीन हजार फूट. खाली येतेय.

आता मला माहीत होतं हो! मला पूर्ण माहीत होतं की ती आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसलीय, शेजारी धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे, आणि करजण तिकडे हायवेवर जिथल्या तिथं आहे. पण डोळ्यांना कोण समजावणार? वहीतलं दिसेना. टॉवरनं विचारायचं असतं, विमानात माणसं किती. आणि तो गोरा माणसं नाही म्हणत, सोल्स म्हणतो. जीव. सोल्स ऑन बोर्ड. जीव किती आहेत वर? मी कसंबसं वाचलं, "से... सोल्स ऑन बोर्ड." आणि तिनं त्याच सपाट आवाजात सांगितलं, "वन."

एक.

तुम्हाला सांगतो, मी उठलो. वही पडली, फोन पडला, चप्पल एकाच पायात, आणि मी धावत जाऊन आतलं दार उघडलं. निरू डोळे मिटून बसली होती, फोन कानाला. तिनं डोळे उघडले. मला वाटलं हसेल. नाही हसली. पांढरीफटक पडली होती, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही इथं आलात... मग तिथं कोण आहे?"

मी म्हटलं, "अगं, मी तुला बघायला..."

"मला बघून काय उपयोग? मी वर आहे. तुम्हाला वर नाही येता येणार बाबा, कध्धी नाही. मला खालचा आवाज पाहिजे. तुम्ही तिथनं उठलात तर मी कुणाशी बोलू?"

चोवीस वर्षांची मुलगी! काय चुकीचं बोलली सांगा? पडली की धावायचं, एवढंच येतं हो बापाला. सायकलवरनं पडली, धावलो. अगाशीच्या जिन्यावरनं पडली, धावलो. आणि आता ही म्हणते धावायचं नाही, बसून राहायचं! प्लीज म्हणायचं नाही हे एक वेळ जमलं मला, पण हे? आणि तेव्हा कळलं, मी इतका लांबलचक का बोलत होतो ते. बोलणं संपेपर्यंत तिनं उडू नये म्हणून. ग्रामरबिमर सगळं नंतरचं.

पण गेलो परत. काय करणार? गॅलरीत गेलो, दुसरी चप्पल घातली, खुर्चीत बसलो, फोन उचलला. फोन उलटा धरला होता, तो सुलटा केला, ते तिला दिसलं नाही, हा रेडिओचा फायदा. आणि म्हटलं, "रॉजर मेडे. विंड कॅल्म. फील्ड्स टु युअर लेफ्ट, क्लिअर." म्हणजे ऐकलं तुझं, वारा शांत आहे, डावीकडे शेतं आहेत, मोकळी आहेत. करजणकडे कापसाची शेतं आहेत, मी स्कूटरवरनं पाहिलीत. तिनं परत म्हणून दाखवलं. मी पुढचं सांगितलं. तिनं परत म्हणून दाखवलं. असं करत करत, तुम्हाला सांगतो, त्या मुलीला मी कापसात उतरवली. मग फोन ठेवला आणि उषाला म्हटलं पाणी दे. तिनं परत म्हणून नाही दाखवलं, पण आणलं.

पुढचे पाच दिवस मी नुसता आवाजावर होतो. भाजी आणताना, इथल्या लालबागच्या पुलावर स्कूटर चालवताना, 'रॉजर मेडे', 'रॉजर मेडे', अगदी त्या गोऱ्यासारखं, झोपेतनं उठून परत झोपायला निघाल्यासारखं. कारण आता कळलं ना, तो झोपाळू नाहीये हो! कुणीतरी वर घाबरलेलं असतं म्हणून तो खाली तसा बोलतो. मी उगाच त्याला टकलू म्हणालो. म्हणजे टकलू आहेच तो, पण तसं म्हणायला नको होतं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, तबियत तो सारी छे ने?" मी रेडिओवरचं हो म्हटलं, "अफर्म."

परीक्षेला ती एकटी गेली. मी म्हटलं येतो, तर म्हणाली नको. मी घरी. अकरा वाजले, बारा वाजले, उषानं तीच पोळी दोनदा भाजली. एकला फोन. "बाबा, पास."

मी म्हटलं, "से अगेन."

"पास, बाबा. पास."

आता अशा वेळी बापानं काय बोलावं? माझ्याकडे इंग्रजीतल्या अभिनंदनाच्या सतरा पद्धती आहेत, प्रत्येक किमान चार ओळींची! आणि तोंडातनं काय निघालं? "रॉजर." एवढंच! आणि फोन ठेवून दिला. मग उषाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो, ते मात्र चांगलं लांबलचक.

जुलैत गेली ती. हैदराबादला असते आता. रविवारी फोन करते, दोन वाक्यं. "बाबा, मी मजेत. जेवले." मी म्हणून दाखवतो, "मजेत. जेवलीस." झालं. घर इतकं शांत झालं की मी एकदा तो गोऱ्याचा व्हिडिओ उगाच लावून ठेवला, आवाज तरी होतो म्हणून. उषानंही ऐकला, भाजी निवडत.

पण या पोरीनं काय केलं माहीत आहे? जाताना मित्रमैत्रिणींना सांगून गेली! आधी नागपूरच्या हेरंबचा फोन, "काका, निरूताई म्हणाली तुम्ही टॉवर होता. माझी परीक्षा आहे, दुसऱ्यांदा." मग सांगलीची अहल्या, "काका, मला फार भीती वाटते, मी खूप प्लीज म्हणते." मी म्हटलं, तू माझीच, बस! मग एक केरळची मुलगी, मग इथल्याच सावली गावचा एक मुलगा, जो इंग्रजीत अडला की गुजरातीत घाबरतो. आता रोज सकाळी अकरापासून गॅलरीत बसतो. ओळीनं येतात, ओळीनं इंजिनं बंद पडतात, कुणाचं भरूचवर, कुणाचं पावागडवर, आणि मी आपला, रॉजर मेडे. जीव किती? आणि प्रत्येकजण सांगतो, एक. एकेकटीच आहेत हो सगळी!

आणि एक वाजला की आतनं उषा, "अहो, पान वाढलंय! आमटी निवतेय! या!" मी म्हणतो, पान वाढलंय, आमटी निवतेय, येतो. पण येणार कसा? काय करणार? चार महिने झाले, गरम आमटी काही माझ्या पोटात गेलेली नाही... रोज जेवायच्या वेळेला, कुठलं ना कुठलं पोर अजून वरच असतं हो!